आधी जॅकल की आधी मंगळ?

थरारकथा आवडणाऱ्या, पण विज्ञानकथेला बिचकणाऱ्या एका मित्राने फ्रेडरिक फोर्सिथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१) आणि अँडी वीअर यांची ‘द मार्शियन’ यांपैकी आधी कोणती वाचावी, असे विचारले आहे.

उत्कंठेच्या कसोटीवर मला फोर्सिथ सरस वाटतात. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांना मारण्याच्या कटाची ही कथा; त्यांची हत्या झाली नाही, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. तरीही ‘जॅकल’ हे सांकेतिक नाव घेतलेला मारेकरी चर्चच्या आवारातील थडग्यांमधून बालवयात वारलेल्या मुलाचे नाव शोधतो, त्याच नावाने पासपोर्ट मिळवतो आणि रानात टांगलेल्या खरबुजावर बंदुकीचा नेम तपासतो, तेव्हा श्वास रोखला जातो. वीअर यांच्याकडे खलनायकच नाही. मंगळावर एकटा राहिलेला मार्क वॉटनी हायड्रॅझिन या रॉकेटच्या इंधनापासून पाणी तयार करतो, बटाटे पिकवतो आणि उरलेल्या अन्नाचा दिवसागणिक हिशेब मांडतो. तो हिशेब चुकला तर मृत्यू, एवढ्यावरच सारा थरार उभा आहे.

वाचनाच्या श्रमांत मात्र पारडे फिरते. फोर्सिथ यांच्या आरंभीच्या प्रकरणांत अल्जीरिया या फ्रेंच वसाहतीच्या स्वातंत्र्याचा वाद आणि फ्रेंच यंत्रणांची नावे दाटीने येतात. तेथे घाई केली की पुढचा धागा निसटतो. वॉटनीची रोजनिशी सोपी, खेळकर आहे आणि शाळेनंतर रसायनशास्त्र सुटलेल्यांचेही तिच्यात काही अडत नाही.

पोलिसी तपासाची चिकाटी पाहायची असेल आणि सलग दोन रात्री हाताशी असतील, तर जॅकल घ्यावा. प्रवासात तुकड्यातुकड्यांनी वाचणाऱ्यांनी, आणि माझ्या या मित्रानेही, मंगळापासून सुरुवात करावी.