काशाचे भजनी टाळ: नाद उत्तम, दोरी टाकाऊ

धातू खरं कासं आहे, हे आधी सांगतो. तांब्यात २२ टक्क्यांच्या आसपास कथील असलं की असा नाद येतो. पितळी टाळ दिसायला जवळपास तसाच, पण वाजतो बद्द. पारख सोपी आहे. एक टाळ दोरीने लोंबता धरा, दुसऱ्याची कड त्याच्या कडेला हलकेच लावा आणि आस, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद, ऐका. ही जोडी सात-आठ सेकंद घुमते आणि शेवटी बारीक लहर ऐकू येते. दोन्ही टाळांच्या स्वरात किंचित फरक असल्याची ती खूण, दोष नव्हे. फरक मोठा असता तर पेटीवाल्यानेच आधी तोंड वाकडं केलं असतं.

एवढी लांब आस संथ चालीत गोड लागते, पण गजर चढला की तीच नडते. 'ज्ञानोबा माउली तुकाराम' द्रुत लयीत गेलं की एक ठोका दुसऱ्यात मिसळतो आणि पखवाजाचे बोल बुडतात. तिथे बोटं कडेला टेकवून आस दाबावी लागते. नवखे टाळकरी नेमके उलट वागतात, जोर लावून तोंडावर तोंड आपटतात. मग आत हवा कोंडते, नुसतं 'चप्' वाजतं. शिवाय कासं ठिसूळ, त्यामुळे कधीतरी कडेला चीर जाते आणि तो टाळ कायमचा गेला. ठोका तिरपा, कडेवर कड सरकवत द्यावा.

दोरी मात्र पहिल्याच दिवशी बदला. दिलेली नायलॉनची आहे, गाठ सरकते. भोकाची कडही घासून गुळगुळीत केलेली नाही, ती दोरी कापते. बारीक कानशीने कड मारून घ्या, सुती गोफ ओवा, आत गाठीखाली चामड्याची चकती घाला. दोन टाळांत वीतभर अंतर पुरे. वारकरी कीर्तनात निरूपण चालू असताना टाळकरी मागे टाळ हातात धरूनच उभे असतात. दोरी लांब असली की नुसता पाय बदलला तरी किणकिण होते, आणि श्रोत्यांचं लक्ष अभंगाच्या चरणावरून थेट टाळकऱ्याकडे जातं. नामाला लय धरणारं वाद्य नामातच व्यत्यय आणतं.

जोडीचं वजन ४५० ग्रॅमच्या आसपास. हरिपाठाला काहीच वाटत नाही, सप्ताहातल्या दोन तासांच्या कीर्तनात मात्र मनगट भरून येतं. सवय नसेल तर हलकी जोडी बघा.

चिंचेच्या कोळाने उजळतात, पण आधी दोरी काढा. ओली राहिली की भोकाभोवती हिरवट डाग धरतात.

मंडळासाठी दहा-बारा जोड्या घेणार असाल तर सगळ्या एकत्र वाजवून निवडा. सुटी छान वाजणारी जोडी बाकीच्यांत फटकून वाजू शकते.