कॅम्पर व्हॅनच्या विक्रीसाठी घेतलेली हस्तांतर सेवा : ठाण्यातील अनुभव

फोर्स ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली आमची कॅम्पर व्हॅन (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) सात वर्षे कोकणात आणि घाटमाथ्यावर फिरली. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत तिला उभी करायला जागा पुरेना, तेव्हा ती मध्यस्थाशिवाय थेट विकायचे ठरवून आम्ही कागदपत्रांचे काम ठाण्यातील एका वाहन हस्तांतर सल्लागारांकडे सोपवले. त्यांच्या कामाविषयी मी समाधानी आहे, दोन बाबी वगळता.

त्यापूर्वी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून द्या, गिऱ्हाईक मिळाले की नाव भरू, असे सुचवले होते आणि किंमतही चांगली सांगितली होती. सल्लागारांनी हे ऐकताच स्पष्ट नकार द्यायला सांगितले. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक ठरतो, त्यामुळे गाडी चार हात फिरली तरी अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 मधील नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणातील निर्णय त्यांनी आम्हाला समजावून सांगितला. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आमच्या व्यवहारात नेरुळच्या खरेदीदारांना समोर बसवून दोन्ही अर्ज एकाच दिवशी भरले गेले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

गाडीतील बदलाची नोंद आरसीवर आहे का, कर्जाचा बोजा फॉर्म 35 देऊन उतरवला आहे का आणि ई-चलन थकले आहे का, हे त्यांनी जाहिरात देण्याआधीच तपासले. आमचे एक जुने चलन त्यातच सापडले. चावी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घेतल्या गेल्या, आणि फास्टॅगही त्याच संध्याकाळी बंद करून घेतला.

विम्याबाबत मात्र त्यांचा सल्ला अपुरा होता. पॉलिसी गाडीबरोबर जाईल एवढेच सांगून त्यांनी विषय संपवला. प्रत्यक्षात नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसून मालकाचा असतो, आणि विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतल्यास तो तीन वर्षांच्या आत नव्या गाडीसाठी वापरता येतो. हे मला विमा कंपनीत चौकशी केल्यावर कळले, आणि पन्नास टक्के सवलत थोडक्यात वाचली. आतील शेगडी, गॅसची नळी, दुसरी बॅटरी आणि पाण्याची टाकी यांची यादीही आम्हालाच करावी लागली, कारण त्यांच्या ठरलेल्या कागदांत कॅम्परच्या साहित्यासाठी रकानाच नव्हता.

सरकारी शुल्काच्या पावत्या त्यांनी आपल्या मेहनतान्यापासून वेगळ्या दिल्या, आणि आरसीवर खरेदीदारांचे नाव चढल्याचे परिवहनच्या संकेतस्थळावर दाखवल्यानंतरच उरलेले पैसे घेतले.