विरामचिन्हं शिकवताना: आधी कानाने की आधी चिन्हं काढलेल्या उताऱ्यावर?

दुसरीपर्यंत मोठ्याने वाचनच बरं. ‘आई आली.’, ‘आई आली?’, ‘आई आली!’ ही तीन वाक्यं फळ्यावर लिहा. सूर बदलला की चिन्ह का बदललं, ते मुलं स्वतः सांगतात. ‘नको थांबू’ आणि ‘नको, थांबू’ यांतून स्वल्पविरामाची ताकद कळते. धोका असा: मुलं श्वास घेतला तिथे स्वल्पविराम देतात, जसं ‘माझा मोठा भाऊ, शाळेत गेला’. शिवाय अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत.

त्यासाठी तिसरीपासून चिन्हं काढलेला उतारा द्यावा: पाच वाक्यं, एक संवाद, गाळलेल्या चिन्हांची संख्या वर लिहिलेली. वाक्यं ओळीच्या मध्येच संपू द्या. नाहीतर मुलं प्रत्येक ओळीच्या टोकाला पूर्णविराम ठोकतात.