फिनॉमिनॉलॉजी की देहाधारित दृष्टी? सांगली-मिरजेत समुपदेशनात उतरणाऱ्यांसाठी

मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करून आपल्या भागात काम सुरू करणाऱ्यांना निदानाची यादी येतेच. प्रश्न त्यापुढचा आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ यास्पर्स यांच्यापासून चालत आलेली फिनॉमिनॉलॉजी, म्हणजे अनुभव माणसाला जसा येतो तसा नोंदवण्याची पद्धत, खोलात शिकायची, की त्रास शरीरात आणि जगाशी चालणाऱ्या त्याच्या व्यवहारात पाहणारी अलीकडची देहाधारित दृष्टी? दोन्हींची नावं एका दमात घेतली जातात आणि मुळंही बरीच एकमेकांत गुंतलेली आहेत. तरी माणूस समोर बसला की दोन्हींचे प्रश्न वेगळे असतात.

तासगावकडचा एखादा द्राक्षबागायतदार डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आलेली आणि तो सांगतो, 'अंगात ताकदच राहिली नाही.' 'मी उदास आहे' असं तो म्हणणार नाही. आधी रक्त तपासून घ्यायचं: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. मग पीएचक्यू-९ हा नैराश्य चाचपण्याचा फॉर्म भरून घ्यायचा. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी हवी. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो टाळायचा नाही, स्पष्ट विचारायचा. हे दोन्ही वाटांना सारखंच लागू आहे, त्यात निवडीचा प्रश्नच नाही.

फरक इथून पुढे पडतो. फिनॉमिनॉलॉजी शिकलेला समुपदेशक विचारेल, 'कात्री हातात घेऊन वेलीसमोर उभं राहिल्यावर नेमकं काय होतं?' हात उचलत नाही? हात उचलतो, पण छाटायचं कशाला असं वाटतं? की काडी दिसते आणि कुठल्या डोळ्यावर कापायची तेच सुचत नाही? फॉर्मवर यातलं बरंचसं थकवा, रस नसणं, लक्ष न लागणं अशा खुणांत जिरून जातं. माणसाच्या आयुष्यात मात्र या तीन वेगळ्या अडचणी आहेत. कार्ल यास्पर्स यांनी १९१३ च्या आपल्या मनोविकृतिशास्त्राच्या ग्रंथात आग्रह धरला तो याचाच: कारण शोधण्याआधी अनुभव जसा आहे तसा, आपलं मत न मिसळता, नोंदवा.

देहाधारित दृष्टीवाला त्याच माणसाला उभं राहायला सांगेल, कात्री कशी धरता ते दाखवायला सांगेल. दिवसाच्या कुठल्या वेळी अंग हलकं होतं? शेजारी भाऊ छाटत असला की हात चालतो का? फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये मांडलेला विचार याच्या मुळाशी आहे. शरीर ही आपल्याजवळची एक वस्तू नसते, जगाशी आपला व्यवहारच त्यातून चालतो. हायडेलबर्गचे मानसोपचारतज्ज्ञ थॉमस फुक्स म्हणतात की एरवी लक्षातही न येणारं हे शरीर नैराश्यात जड होऊन माणूस आणि जग यांच्या मधे येतं. बागायतदाराची तक्रार त्यांनी अक्षरशः खरी मानली असती, उदासीचं सोंग म्हणून बाजूला सारली नसती. आपल्याकडे 'हे सगळं मनाचं आहे' असं सांगून किती जणांना परत पाठवलं जातं ते पाहिलं की या मांडणीचं मोल कळतं.

वास्तवाचं भान बिघडवणाऱ्या स्किझोफ्रेनिया या आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेत मात्र फिनॉमिनॉलॉजी कितीतरी पुढे आहे. एखादा कॉलेजचा मुलगा सांगतो की विचार माझेच आहेत, पण माझे वाटत नाहीत. असे बदल टिपण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ योसेफ पार्नास आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'ईझ' ही ५७ मुद्द्यांची मुलाखत तयार केली. ती रीतसर शिकावी लागते, वाचून करण्यासारखी नाही. आणि असा मुलगा आला तर मुलाखतीच्या हौसेपोटी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला उशीर करू नये.

महापुराचा विषय आला की पारडं फिरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्यातल्या एखाद्याची झोप जुलैत कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की उडते. छातीत धडधड सुरू होते, मोबाइलवर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी पाहणं सुरू होतं, तांदळाची पोती माळ्यावर जातात. विचार मागून येतो, अंग आधी सावध झालेलं असतं. हा त्रास एकट्या डोक्यात शोधून सापडणार नाही. तो त्या घरात, त्या पावसात, शेजाऱ्यांच्या हालचालीतही आहे. तत्त्वज्ञ सानेके द हान यांनी २०२० च्या पुस्तकात अनुभव, शरीर, समाज आणि आपल्याच अवस्थेकडे पाहण्याची माणसाची भूमिका या चार बाजू एकाच व्यवस्थेच्या मानल्या आहेत. अशा माणसासाठी ती चौकट फार उपयोगी पडते.

भाषेचा मुद्दा इकडे विशेष महत्त्वाचा. जत तालुक्यातून मिरजेला येणाऱ्या अनेकांची घरची भाषा कन्नड असते. फिनॉमिनॉलॉजीची शब्दाशब्दावर उभी असलेली मुलाखत सुनेमार्फत किंवा मुलामार्फत होत असेल तर ती अर्ध्यावरच येते, कारण सासू सुनेसमोर सगळं बोलत नाही. उठणं, चालणं, जेवणं, कामाला हात लावणं हे मात्र पाहता येतं.

उपचारांच्या पुराव्यात दोन्हींची बाजू लंगडी आहे. स्किझोफ्रेनियातला भावनांचा कोरडेपणा, निरुत्साह यांवर गटाने देहकेंद्री उपचार करून ब्रिटनमध्ये २७५ रुग्णांवर चाचणी झाली. २०१६ मध्ये निकाल आला, पिलाटेस हा व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. उलट गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी दैनंदिन कृती हळूहळू पुन्हा सुरू करून देणारा छोटा कार्यक्रम राबवला, तो नैराश्यावर परिणामकारक ठरला (लॅन्सेट, २०१७). त्याचा उगम वर्तनवादात, म्हणजे दिसणाऱ्या वागण्यावर भर देणाऱ्या मानसशास्त्रात आहे, या तत्त्वज्ञानात नाही. पण आधी दोन ओळी छाटा, मन मागून येईल, हे देहाधारित दृष्टीशी नीट जुळतं.

म्हणून माझं मत असं. रुग्णालयात, मानसोपचारतज्ज्ञांच्या हाताखाली, तरुण रुग्णांबरोबर काम करणार असाल आणि मुलाखतीला तासभर मिळत असेल तर फिनॉमिनॉलॉजी घ्या. गावोगाव फिरणार असाल, शेतकरी, पूरग्रस्त, घरच्या बायका यांच्यात बसणार असाल तर देहाधारित दृष्टीपासून सुरुवात करा आणि गोव्यातल्यासारखी कृतीवर आधारलेली पद्धत तिच्याबरोबरच शिका. प्रबंधाचा विषय ठरवायचा असेल तर मी पूरग्रस्तांचा घेईन, कारण इथल्या माणसांकडून तो जितका जवळून लिहिला जाईल तितका बाहेरून येऊन कुणी लिहिणार नाही.