सिंगल स्टेज बेंच प्रेसवर पितळी पुंगळ्यांची तयारी: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रेस बिडाचा आहे, ओ-फ्रेम बांधणीचा (चौकट सगळीकडून बंद), एका वेळी एकच डाय (पुंगळी आत दाबून मापात आणणारा साचा) घेणारा. डायचे आटे नेहमीचे 7/8-14 (7/8 इंच व्यास, इंचाला 14 आटे), त्यामुळे बहुतेक कंपन्यांच्या डाय त्यात बसतात. वापर .308 विंचेस्टर आणि .223 रेमिंग्टन या रायफल काडतुसांच्या झाडलेल्या पुंगळ्यांसाठी, तोही जुना प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) काढणे, पुंगळी पुन्हा मापात आणणे आणि मान सरळ करणे एवढ्यापुरताच. दारू भरणे आणि गोळी बसवणे हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही. परवाना आणि कायदा ज्याला परवानगी देतो त्यानेच या कामात पडावे, हे वेगळे सांगायला नको.

प्रेस निवडताना लोक ताकदीबद्दल विचारतात. ताकद जवळपास प्रत्येक प्रेसमध्ये पुरेशी असते, कारण दांड्याच्या जोडणीतून मिळणारा यांत्रिक फायदा मोठा असतो. खरा प्रश्न वेगळा आहे: डाय हलवली नाही, तर पहिल्या पुंगळीचा खांदा (अंग आणि मान यांच्यामधला उतार) आणि शंभराव्या पुंगळीचा खांदा एकाच जागी येतो का? या प्रेसबद्दलचे माझे मत याच एका कसोटीवर आहे. ते चांगले आहे, पण प्रेसइतकेच ते टेबल, वंगण आणि पितळ यांच्यावर अवलंबून आहे.

टेबलापासून सुरुवात करावी लागते. दांडा खाली ओढताना प्रेसचा पुढचा भाग टेबलाची कड खाली दाबतो, आणि मानेतून एक्सपांडर (मान आतून उघडणारा गोळा) बाहेर खेचताना सगळा प्रेस उलट दिशेला उचलला जातो. लाकडी स्क्रू या मागेपुढे होणाऱ्या ओढाताणीत हळूहळू ढिले होतातच. आरपार बोल्ट, टेबलाखाली पोलादी पट्टी किंवा मोठे वॉशर, आणि शक्यतो प्रेस टेबलाच्या पायाच्या अगदी वर, अशी बसवणी हवी. तपासणी सोपी आहे. वंगण लावलेली पुंगळी डायमध्ये घालताना प्रेसच्या बुडाशी नजर ठेवा. टेबल आणि बूड यांच्यामध्ये फट उघडताना दिसली तर डायशी खेळण्यात अर्थ नाही, आधी टेबल मजबूत करा.

डायच्या कागदावर सहसा लिहिलेले असते की शेलहोल्डर (पुंगळीचे बूड धरणारा तुकडा) वर घ्या, डाय त्याला टेकेपर्यंत खाली फिरवा आणि मग आणखी पाव फेरा द्या. कुठल्याही बंदुकीत पुंगळी बसावी यासाठी ती सूचना ठीक आहे, पण पितळाचे आयुष्य ती खाते. 7/8-14 आट्यांवर एक पूर्ण फेरा म्हणजे 1.81 मिमी; पाव फेरा म्हणजे 0.45 मिमी. इथे आपण मोजतो आहोत मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला गेला की चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसण्याची जागा) पुंगळीला पुढे सरकायला जागा मिळते. बार उडताना तिची भिंत चेंबरला चिकटते, बूड मागे सरकते आणि बुडाच्या जाड भागाच्या जरा पुढे पितळ ताणले जाते. दरवेळी तिथेच ताणले गेल्यामुळे काही वापरांनंतर बाहेरून एक चकचकीत कडे दिसू लागते आणि पुढे बूड तुटून वेगळे होते. टोक काटकोनात वाकवून धारदार केलेली पातळ तार आतून बुडाकडून वर ओढली, तर अशी झिजलेली जागा खाचेसारखी टोकाला अडकते. अडकली की ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकावी. तिला दुसरी संधी नाही.

म्हणून डाय बसवायची ती मोजून. खांद्यापर्यंतची लांबी मोजणारा कंपॅरेटर कॅलिपरच्या जबड्याला लावतात. आपल्याच रायफलमधून झाडलेल्या काही पुंगळ्या घ्या, आधी त्यांचे प्रायमर काढा (बाहेर आलेला प्रायमर माप चुकवतो) आणि सर्वांत मोठे माप लिहून ठेवा. बोल्ट अ‍ॅक्शनसाठी (चेंबर बंद करणारा बोल्ट हाताने चालवायची रायफल) खांदा त्यापेक्षा 0.025 ते 0.05 मिमी मागे गेला की पुरे. स्वयंचलित भरणी असलेल्या रायफलला 0.075 ते 0.125 मिमी लागतात, कारण तिथे बोल्ट हाताने दाबून बंद करायला कोणी नसते. डाय वरच ठेवून सुरुवात करा आणि थोडीथोडी खाली आणा. 5 अंश फिरवले की डाय 0.025 मिमी खाली येते. 38 मिमी व्यासाच्या लॉक रिंगच्या (डाय जागी आवळणाऱ्या कड्याच्या) कडेवर हे अंतर सुमारे 1.66 मिलिमीटर भरते. रिंगवर आणि प्रेसवर बारीक मार्करने एकेक रेघ मारून ठेवली की हा हिशेब डोळ्यांनी दिसतो.

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. डाय खाली आणताना सुरुवातीला खांद्याचे माप कमी होण्याऐवजी वाढते. डाय आधी पुंगळीचे अंग आवळते, दाबलेल्या पितळाला जागा हवी असते आणि ते खांदा पुढे लोटते. डाय बिघडलेली नाही. थोडे पुढे गेल्यावर डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडतो आणि माप झपाट्याने उतरू लागते. इथून पुढे एका वेळी 5 अंशांपेक्षा जास्त फिरवू नये.

आता फ्रेमच्या ताणाबद्दल, कारण एकसारखेपणा इथेच कमावला किंवा गमावला जातो. रिकाम्या प्रेसमध्ये शेलहोल्डर डायला घट्ट टेकतो. तेच पुंगळी आत असताना पाहा: पलीकडे दिवा ठेवला तर डाय आणि शेलहोल्डर यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसते. बीडसुद्धा ताणले जाते, सांध्यांमधली मोकळीक दाबली जाते. ही रेघ किती रुंद असेल हे पुंगळी किती विरोध करते त्यावर ठरते. कठीण झालेले पितळ, कमी वंगण, वेगळ्या कंपनीची जाड भिंत, यातले काहीही बदलले की त्याच सेटिंगवर खांदा वेगळ्या जागी येतो. ओ-फ्रेमची चौकट बंद असल्यामुळे ताण दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो, आणि पुढून उघड्या सी-फ्रेमसारखी डाय तिरकी होत नाही. बिडाच्या प्रेसचे जास्तीचे वजन उचलण्याचे खरे कारण हेच.

तीन सवयींनी फरक पडतो. एका कंपनीच्या आणि सारख्याच वेळा वापरलेल्या पुंगळ्या एकत्र ठेवणे, वंगण सर्वांना सारखे लावणे, आणि रॅम (शेलहोल्डर वर-खाली नेणारा खांब) वर पोहोचल्यावर दांडा दोन-तीन सेकंद तसाच दाबून धरणे. त्या थांब्यात पितळाची उसळून परत येण्याची ओढ कमी होते. घाईने दांडा मारणाऱ्याचे माप कधीच एकसारखे येत नाही. याहून पुढे जायचे असेल तर नेहमीपेक्षा 0.002 ते 0.010 इंचांनी उंच असे पाच शेलहोल्डरांचे संच मिळतात. त्यात डाय शेलहोल्डरला पक्की टेकलेली राहते आणि खांदा किती मागे जाणार हे शेलहोल्डरच्या उंचीवरून ठरते. ज्याला दोन रायफलींसाठी एकच डाय वापरायची आहे त्याने हा खर्च जरूर करावा.

वंगणासाठी द्रव लॅनोलिन 1 भाग आणि 99 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल 10 ते 12 भाग हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचे वाटते. फवारल्यावर पुंगळ्या हलवून घ्यायच्या आणि अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबायचे. ओल्या पुंगळीवर लॅनोलिनचा थर बसलेलाच नसतो. मिश्रण ज्वालाग्राही आहे, खिडकी उघडी हवी. वंगण जास्त झाले की खांद्यावर खळगे पडतात, कारण द्रवाला निघायला वाट नसते आणि तो पितळ आत दाबतो. लहान खळगे पुढच्या बाराला भरून निघतात, तरी डायमधले हवा जाण्याचे छिद्र साफ आहे ना ते पाहावे. काम झाल्यावर वंगण पुसून काढायचेच. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला नीट धरत नाही आणि बोल्टवर जादा जोर येतो. सरळ अंगाच्या पिस्तुलाच्या पुंगळ्यांना कार्बाइड डायमध्ये वंगणाशिवाय चालते, मान असलेल्या रायफल पुंगळीला मात्र डाय कार्बाइडची असली तरी वंगण लागतेच.

वंगण कमी पडले तर पुंगळी डायमध्ये अडकते. दांडा अचानक जड झाला तर तिथेच थांबा. जोर लावत राहिलात तर शेलहोल्डर रिम फाडून मोकळा होईल आणि पुंगळी आत राहील. ती काढण्यासाठी डीकॅपिंग रॉड (प्रायमर ढकलून काढणारी सळई) शक्य तितका वर घ्यायचा, बुडातून भोक पाडायचे, 1/4-20 चे (1/4 इंच, इंचाला 20) आटे पाडायचे आणि बाहेरून कप ठेवून बोल्टने पुंगळी ओढून काढायची. डाय सहसा शाबूत राहते.

मानेच्या वाकडेपणासाठी लोक प्रेसला दोष देतात. बहुतेक वेळा कारण एक्सपांडर बॉल असतो. मान आधी गरजेपेक्षा जास्त आवळली जाते आणि मग कोरडा बॉल ती खेचत बाहेर येतो. परतीच्या वेळी चिरकल्यासारखा आवाज आला तर मानेच्या आत वंगण नाही, हे नक्की. मानेत सुक्या ग्रॅफाइटचा किंवा अभ्रकाचा ब्रश फिरवला की ओढ निम्म्यावर आल्यासारखी जाणवते. त्याहून चांगला उपाय म्हणजे बॉल काढून टाकणे आणि वेगळ्या डायमध्ये मँड्रेलने (गुळगुळीत दांडीने) वरून मान उघडणे. पितळ ताणले जात नाही, दाबले जाते. लॉक रिंग आवळताना रॅम वर घेऊन शेलहोल्डरने डायवर दाब ठेवावा, म्हणजे आट्यांची मोकळीक एका बाजूला न जाता डाय सरळ बसते.

लांबी नेहमी डायमधून काढल्यावर मोजायची, आधी नाही, कारण डाय पुंगळी लांबवते. .308 ची कमाल लांबी 51.18 मिमी, कापून 50.93. .223 ची कमाल 44.70, कापून 44.45. कापल्यावर तोंडाची आतली आणि बाहेरची कड हलक्या हाताने मोडावी, धार येईपर्यंत नाही.

प्रायमर काढण्यासाठी वेगळी युनिव्हर्सल डाय ठेवा, म्हणजे काजळी मापाच्या डायमध्ये जात नाही आणि तिच्या आतल्या भिंतीवर ओरखडे येत नाहीत. प्रत्येक पुंगळीत उजेड धरून पाहा. मध्यभागी एक छिद्र म्हणजे बॉक्सर, शेजारी शेजारी दोन बारीक छिद्रे म्हणजे बर्डन, आणि बर्डनवर पिन मोडते. नेहमीचे छिद्र सुमारे 2 मिमीचे असते, पण लहान प्रायमरच्या काही .308 पुंगळ्यांत ते 1.5 मिमीचे असते आणि जाड पिन तिथेही अडकते. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती कड चेपलेली असते. ती रीमरने (कापून) किंवा स्वेजरने (दाबून) काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. न फुटलेला प्रायमर असलेली पुंगळी या कामात घेऊच नये.

या प्रेसची माझी खरी तक्रार जुन्या प्रायमरच्या वाटेबद्दल आहे. ते रॅमच्या खाचेतून बाहेर पडतात, आणि त्यांची राख रॅमवरच बसते. ती करकरीत असते, तेलात मिसळली की पॉलिश पेस्टसारखी रॅम घासत राहते. ज्या प्रेसमध्ये रॅम आरपार पोकळ असतो आणि प्रायमर नळीतून थेट डब्यात जातात, तो या बाबतीत सरस. नाहीतर प्रत्येक बैठकीनंतर रॅम पुसायचा, पातळ तेलाचा एक हात द्यायचा आणि उरलेले तेल पुसून काढायचे. त्या राखेत शिसे असते, कारण बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असते. टेबल ओल्या फडक्याने पुसावे, कोरडे झाडू नये. हात साबणाने धुवावेत, आणि या टेबलावर खाणे-पिणे नाही.

धुण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे. पितळ चमकवणारी जी पॉलिश अमोनियायुक्त असते ती पुंगळ्यांना लावू नये. पुंगळीचे पितळ 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्ताचे असते, थंडच दाबून घडवलेले, त्यामुळे आत ताण शिल्लक असतो. अमोनिया त्या ताणाच्या जागी शिरून तडे पाडतो. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली काडतुसे अशीच तडकत. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया हे त्याचे कारण 1921 मध्ये स्पष्ट झाले. साधा साबण, चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड आणि स्टीलच्या पिना पुरतात. पिना छिद्रात अडकून राहिल्या नाहीत ना, हे प्रत्येक पुंगळीत पाहावे.

काही वापरांनंतर त्याच सेटिंगवर खांदा हळूहळू पुढे राहू लागला, तर डाय खाली फिरवण्याआधी मान आणि खांदा अ‍ॅनील करा, म्हणजे तापवून मऊ करा. पितळ कठीण झाल्याने उसळते आहे. उष्णता फक्त मान आणि खांद्याला, बूड कधीही तापू द्यायचे नाही. मऊ झालेले बूड दाब सोसू शकत नाही, आणि ते पुन्हा कठीण करण्याचा उपाय नाही. अ‍ॅनील केल्यावर डाय पुन्हा मोजून घ्या, कारण मऊ पितळाचा विरोध कमी, फ्रेमचा ताण कमी, आणि जुन्याच रेघेवर खांदा आता जास्त मागे जातो.

प्रेससोबत आणखी घ्यायचे ते हे: डीकॅपिंगच्या दोन-चार जादा पिना, शेलहोल्डर धरून ठेवणारी एक सुटी स्प्रिंग क्लिप (तीच आधी ढिली पडते, आणि मग शेलहोल्डर फिरून पुंगळी तिरकी शिरते), आणि कंपॅरेटर. पैसे कमी असतील तर प्रेस साधा घ्या, पण कंपॅरेटर सोडू नका.