हाडांसाठी आठवड्याची गोळी १४ महिने घेतली, आता वर्षातून एकदा सलाईन – दोन्हींचा अनुभव

वय ६५. चार वर्षांपूर्वी गच्चीवर कुरडया वाळत घालताना ओल्या फरशीवर पाय सरकला आणि डाव्या हातावर पडले, मनगट मोडलं. प्लास्टर काढल्यावर हाडांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या की उभ्या उभ्या पडून हाड मोडायला नको होतं, डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) करून घ्या. मी म्हटलं अहो आमच्या सोसायटीत शिबिर झालं होतं तेव्हा टाचेला मशीन लावून सगळं ठीक सांगितलेलं. त्या म्हणाल्या टाचेच्या मशीनवर निदान ठरवायचं नसतं, कमरेचा आणि खुब्याचा डेक्सा लागतो. केला. टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपल्या हाडांची घनता किती) मणक्याला उणे ३.१, खुब्याला उणे २.४. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं. रिपोर्ट हातात घेऊन मला आई आठवली, शेवटच्या दहा वर्षांत ती इतकी वाकली होती की ओट्यावरचा डबा काढायला स्टूल लागायचं आणि आम्ही सगळे म्हणायचो वय झालं. आता कळतं की तिचे मणके एकेक करून दबत गेले असणार. तिला कुणी कधी तपासलंच नाही, ह्याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी गोळी. अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एक. माझा वार सोमवार. घेणं सोपं वाटतं पण नियम कडक आहेत. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, चहा नाही दूध नाही, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, दुसरी कुठली गोळी पण घ्यायची नाही. ह्याचं कारण मला मॅडमनी नीट समजावलं तेव्हा पटलं, ही गोळी उपाशीपोटी घेतली तरी एक टक्क्याहून कमी अंगात शोषली जाते, वर चहा-कॉफी प्यायलो की त्यातलंही बरंचसं वाया, आणि अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम करते म्हणून ताठ राहायचं. ज्या घरात साडेपाचला पहिला चहा होतो तिथे सोमवारी तो अर्धा तास लांबवणं मला जड गेलं, खोटं कशाला सांगू. मग मी तेव्हा कुंड्यांना पाणी घालायचं ठरवलं, वाकायला नको म्हणून लांब नळी आणली.

एक चूक मात्र तीन महिने होत राहिली. जिथून औषधं घ्यायचे त्या केमिस्टने सांगितलं कॅल्शियम पण सोबतच घेऊन टाका, लक्षात राहतं. मी घेत गेले. फॉलोअपला मॅडमनी विचारलं तेव्हा समजलं की कॅल्शियमने ही गोळी पोटातच धरली जाते, शोषलीच जात नाही. म्हणजे तीन महिने जवळजवळ फुकट. कुणाला हे लिहून दिलेलं असेल तर कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर ठेवा, कार्बोनेट असेल तर ते जेवणाबरोबरच चांगलं लागू पडतं.

गोळीचा मोठा फायदा म्हणजे स्वस्त आणि घरच्या घरी. पण मला आधीपासून पित्ताचा त्रास, तेराव्या-चौदाव्या महिन्यात छातीत जळजळ आणि घास गिळताना दुखायला लागलं तेव्हा लगेच बंद करायला सांगितली. ज्यांना अ‍ॅसिडिटी नाही आणि सकाळची शिस्त जमते त्यांना हीच गोळी पाच वर्षं सुद्धा छान चालते, माझी मैत्रीण घेतेय. माझ्याकडून ५ पैकी ३.

मग मॅडमनी बाकीचे पर्याय समोर ठेवले. टेरिपॅराटाइड, रोज स्वतः पोटावर टोचायचं, दोन वर्षांपर्यंत, फ्रीजमध्ये ठेवायचं पेन, महाग. हे नवीन हाड तयार करतं म्हणून मणके मोडलेल्यांना आधी देतात, मला लगेच गरज नाही म्हणाल्या. दुसरं डेनोसुमॅब, सहा महिन्यांनी त्वचेखाली एक टोचणी, सोपं. पण ते घेताना मध्ये उशीर झालेला चालत नाही. माझ्या धाकट्या जाऊबाई हेच घ्यायच्या, मुलाकडे अमेरिकेला गेल्या आणि तिथे सहाऐवजी अकरा महिने राहिल्या, इंजेक्शन चुकलं, परत आल्यावर पाठीत असह्य दुखणं आणि एक्स-रेत दोन मणके दबलेले. हे औषध थांबलं की हाडांची झीज एकदम उसळते, बंद करायचं असेल तर दुसरं औषध लगेच सुरू करावं लागतं, हे त्यांना आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. मी पण लेकीकडे बंगलोरला महिनोन् महिने जाऊन राहते, त्यामुळे तारखेला इतकं घट्ट बांधलेलं औषध माझ्यासाठी नको असं मी स्वतःच मॅडमना सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

राहिली सलाईन. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा. त्याआधीची तयारी मात्र सहज घेऊ नका. किडनीसाठी क्रिएटिनिन (किडनी फार कमजोर असेल तर हे देत नाहीत), रक्तातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. माझं डी १४ आलं, म्हणजे कमी, मग आठ आठवडे ६०,००० युनिटचा सॅशे दर रविवारी दुधातून, मग पुन्हा तपासणी. शिवाय डेंटिस्टकडे पाठवलं, कारण ह्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. माझी एक किडलेली दाढ होती ती आधी काढली आणि हिरडी भरेपर्यंत दोन महिने थांबलो.

प्रत्यक्ष सलाईन म्हणजे छोटी बाटली, १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात द्यायची नसते, मला अर्ध्या तासात सावकाश दिली. आधी दोन ग्लास पाणी प्यायले. दुपारी घरी येऊन वरण-भात खाल्ला, आणि रात्री अकराला थंडी वाजून १०१ ताप, अंग असं ठणकत होतं की कूस बदलता येईना. आमचे हे घाबरले, पण मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या वेळी असं होऊ शकतं, पॅरासिटामॉल घ्या. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. दुसऱ्या वर्षी फक्त एक संध्याकाळ अंग दुखलं. पोटाला काहीही नाही, सोमवारची चिंता नाही.

दुसऱ्या सलाईननंतर त्याच सेंटरमध्ये त्याच मशीनवर डेक्सा केला (मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत) तर मणका उणे ३.१ वरून उणे २.७. खुबा होता तिथेच, आणि मॅडम म्हणाल्या खुबा खाली गेला नाही हे पण औषधाचंच यश आहे. ५ पैकी साडेचार, अर्धा त्या पहिल्या रात्रीसाठी.

मांडीत किंवा जांघेत विनाकारण दुखायला लागलं तर लगेच कळवा असं सांगून ठेवलंय, अनेक वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड चिरतं म्हणून. बाकी नाचणीची भाकरी, ताक, रोज ४० मिनिटं चालणं चालू आहे, आणि बाथरूममध्ये सूनबाईने पकडायला दांडा बसवून घेतला. तिसरी सलाईन दिवाळीनंतर आहे, त्यानंतर पुन्हा डेक्सा बघून पुढे चालू ठेवायचं की थोडं थांबायचं ते मॅडम ठरवणार.