बोलणारी अंकपाटी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन गट दाखवून त्यांतला मोठा कोणता असे लहान मुलांना विचारणाऱ्या, आमच्या घरातील बोलणाऱ्या अंकपाटीचे हिरवे बटण जूनच्या शेवटच्या आठवड्यात निकामी झाले. डावीकडचा गट निवडला की पाटी उत्तर घेत असे, उजवीकडचा निवडला की गप्प राहत असे, आणि माझी साडेचार वर्षांची नात प्रत्येक वेळी माझ्याकडे वळून विचारत असे, "आजी, माझं चुकलं का?" तिचे उत्तर बरोबर असताना तिला आपण चुकलो असे वाटावे, हे मला सहन झाले नाही. दिवाळीत कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून १,४९९ रुपयांना ही पाटी आणली तेव्हा हमी सहा महिन्यांची होती आणि ती एप्रिलमध्येच संपली होती. सर्व्हिस सेंटरमध्ये मला सांगण्यात आले की बटणांची संपूर्ण पट्टी बदलावी लागेल, त्याला ४५० रुपये पडतील आणि दोन आठवडे लागतील. एकच बटण उघडून पाहता येणार नाही का, असे मी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा तेच उत्तर मिळाले. शेवटी मेन रोडजवळच्या एका बोळात रिमोट दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी पाटी माझ्यासमोर उघडली. रबरी बटणाच्या तळाशी असलेल्या कार्बनच्या ठिपक्यावर कसलातरी चिकट रस वाळून बसला होता. त्यांनी तो स्पिरिटने पुसला, दहा मिनिटांत पाटी चालू करून दिली आणि साठ रुपये घेतले.

दुरुस्तीबद्दल एवढेच पुरे आहे. बटण तर साठ रुपयांत सुधारले. पण या पाटीत जो खरा दोष आहे तो कोणत्याही दुकानात सुधारून मिळणार नाही आणि खोक्यावर तो कोठे दिसतही नाही. तो दोष पाटीच्या प्रश्नात आहे.

ज्यांच्या घरी ही पाटी आहे त्यांना तिचा पहिला चित्रसंच माहीत असेलच. एका खिडकीत तीन हत्ती असतात, दुसऱ्या खिडकीत पाच मुंग्या असतात, आणि आतला आवाज विचारतो, "मोठा गट कोणता?" माझ्या नातीने पहिल्या दिवशी हत्ती दाबले आणि पाटीने कर्कश भोंगा वाजवला. तिने पुन्हा हत्तीच दाबले. मी तिला मुंग्या मोजायला लावल्या आणि तिने त्या अचूक मोजल्या, हत्तीही मोजले. तरीही "मोठा कोणता?" म्हटले की तिचे बोट हत्तींकडेच जात असे. तिला मोजता येते पण तुलना करता येत नाही, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला आणि जवळजवळ तीन आठवडे तोच मनात धरून बसले. या निष्कर्षाबद्दल मला आज वाईट वाटते, कारण चूक तिची नव्हती.

उलगडा झाला तो जेवणाच्या पानावर. तिच्या मोठ्या भावाच्या ताटात पाच आणि तिच्या ताटात चार भजी पडली, तेव्हा कोणीही न विचारता ती म्हणाली, "दादाला जास्त दिलीस." तिची भजी आकाराने मोठी होती, तरीही तिने संख्येचीच तुलना केली होती. मग मी पाटीचा आवाज बंद केला, तेच हत्ती आणि त्याच मुंग्या समोर ठेवल्या आणि माझ्या तोंडाने विचारले, "जास्त कोण आहेत?" तिने क्षणाचाही विलंब न लावता मुंग्यांवर बोट ठेवले.

आपल्या भाषेत "मोठा" या शब्दाला फार कामे करावी लागतात. मोठा भाऊ वयाने मोठा असतो, मोठी पोळी आकाराने मोठी असते, मोठा आवाज कानाला मोठा लागतो, आणि गणिताच्या पुस्तकात पाच ही संख्या तीनपेक्षा मोठी असते. यांपैकी पहिले तीन अर्थ मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच पक्के ठाऊक असतात, चौथा मात्र शिकवावा लागतो. "जास्त" या शब्दाचे तसे नाही. तो वाटणीचा शब्द आहे आणि दोन भावंडांच्या घरात तो फार लवकर शिकला जातो. असे असताना हत्तींच्या चित्राखाली "मोठा गट" असा प्रश्न विचारणे म्हणजे मुलाला त्याच्याच भाषेच्या ज्ञानाबद्दल शिक्षा करणे होय. संख्या "मोठी" असते हा शब्दप्रयोग चुकीचा आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पुढे तोच वापरायचा आहे. परंतु तो "जास्त"चा हात धरून यावा, त्याच्या आधी येऊ नये.

आकार आणि संख्या यांची ही ओढाताण केवळ लहान मुलांना होते असेही नाही. बारीक छापलेला ८ आणि ठळक, मोठा छापलेला ३ शेजारी ठेवून कोणता अंक अधिक मूल्याचा आहे असे विचारले, तर प्रौढ माणसालाही उत्तर द्यायला किंचित अधिक वेळ लागतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. जिथे मोठी माणसे अडखळतात, तिथे पहिल्याच संचात चार-साडेचार वर्षांच्या मुलासमोर हत्ती आणि मुंग्या ठेवणे अयोग्य आहे. हा संच शेवटी यायला हवा होता. तिथे तो फार उपयुक्त ठरला असता, कारण आकार विसरून संख्या पाहणे हीच शिकण्याची गोष्ट आहे.

आता मला माझे दोन महिन्यांपूर्वीपर्यंतचे मत बदलावे लागेल. पौषात मी शेजारच्या सूनबाईंना ही पाटी घेऊ नका असे स्पष्ट सांगितले होते. तो सल्ला अपुरा होता. चित्रे काढून टाकून केवळ अंकांचा संच लावला की पाटी बरीच शहाणी होते. ती सुरुवातीला २ आणि ९ अशा दूरच्या जोड्या देते, उत्तरे बरोबर येत गेली की ४ आणि ६ देते, आणि त्यानंतर ७ आणि ८ वर येते. हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला दिसतो. दोन अंकांमधले अंतर जितके कमी, तितका तुलनेला वेळ अधिक लागतो, हे मोयर आणि लँडॉअर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये प्रौढांवरच्या प्रयोगातून दाखवले होते. माझ्या नातीच्या बाबतीत ते मी रोज संध्याकाळी पाहत होते: २ आणि ९ ला ती बोलता बोलता उत्तर देत असे, ७ आणि ८ आले की बोटे उघडून बसत असे. पाटीवर आंतरराष्ट्रीय आणि देवनागरी असे दोन्ही अंक आहेत, ही सोयही चांगली आहे.

याच संचात एक उणीव मात्र आहे आणि ती लहान नाही. पाटीला "सारखे" असे बटण नाही. ४ आणि ४ ही जोडी ती कधीच देत नाही. त्यामुळे दोन गट समोर आले म्हणजे त्यांतला एक जास्त असलाच पाहिजे, अशी मुलाची समजूत होते. फेब्रुवारीत मी नातीपुढे दोन वाट्यांत चार-चार मणी ठेवले, तेव्हा तिने बराच वेळ जास्तीची वाटी शोधली आणि शेवटी जी वाटी तिच्या जवळ होती ती दाखवली.

मणी म्हणजे अर्थातच द्राक्षांचे. हंगामात निफाडकडच्या नात्यातून घडापासून सुटलेले मणी आमच्याकडे पिशवीभर येतात, आणि मी मोकळेपणाने सांगते की त्या दोन महिन्यांत १,४९९ रुपयांच्या पाटीपेक्षा त्या मण्यांनी अधिक शिकवले. पाट्यावर पाच मण्यांची एक ओळ आणि त्याखाली पाचच मण्यांची, पण लांब लांब पसरलेली दुसरी ओळ मी मांडत असे. नात दुसऱ्या ओळीत जास्त आहेत म्हणत असे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी लहान मुलांच्या संख्याविचारात हीच गोष्ट नोंदवली होती, की ओळ लांबली म्हणजे वस्तू वाढल्या असे या वयाच्या मुलांना वाटते. त्यावर मी तिला उत्तर सांगितले नाही. वरचा एक मणी आणि खालचा एक मणी अशा जोड्या लावायला सांगितल्या. कोणीच एकटे उरले नाही, हे तिचे तिनेच पाहिले. मार्चच्या मध्यापर्यंत ती न सांगता जोड्या लावू लागली होती. पाटीत जोडी लावण्याची सोयच नाही. तिथे फक्त निवड आहे आणि निवडीनंतरचा भोंगा आहे. मणी खाताना मात्र ते उभे चिरून द्यावेत, कारण अख्खा मणी लहान मुलाच्या घशात अडकू शकतो.

"कमी" या शब्दाला जास्त वेळ लागला. "कमी कुठे आहेत?" असे विचारले तरी नात बरेच दिवस जास्तीची वाटी दाखवत असे. डोनाल्डसन आणि बाल्फोर या संशोधकांनी १९६८ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत हेच पाहिले होते, हे वाचल्यावर माझी काळजी उतरली. पाटी मात्र दुसऱ्याच दिवसापासून दोन्ही प्रश्न मिसळून विचारते. मी "कमी"चे प्रश्न एप्रिलपर्यंत बंद ठेवले आणि तोवर घरात तो शब्द मुद्दाम वापरत राहिले: दादाच्या पेल्यात दूध कमी आहे, आज गच्चीवर कपडे कमी आहेत.

मे महिन्यात मी गच्चीवर खडूने एका सरळ ओळीत दहा घरे आखली. अर्धा फोडलेला चिंचोका टाकायचा, पांढरी बाजू वर आली तर एक घर आणि काळी आली तर दोन घरे पुढे जायचे. पुढे जाताना "एक, दोन" असे म्हणायचे नाही, पाय ठेवलेल्या घराचा अंक म्हणायचा. तीनवरून दोन घरे गेल्यास "चार, पाच". ही कल्पना गीता रमणी आणि रॉबर्ट सीग्लर या मानसशास्त्रज्ञांच्या २००८ मधील प्रयोगावरून घेतली. त्यांनी अमेरिकेतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील बालकांना १ ते १० अंकांचा असाच सरळ पट पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकांत खेळायला दिला होता, आणि त्या मुलांची संख्यांची तुलना सुधारली होती. अंकांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांत तशी सुधारणा दिसली नाही. आमच्या गच्चीवर मला दिसले ते असे की ८ हा ५ पेक्षा जास्त का, याला आता नातीजवळ कारण होते: "आठ पुढे आहे, तिथे जायला जास्त चालावं लागतं." पावसाळा लागल्यावर तीच ओळ मी ओसरीच्या फरशीवर आखली.

खोक्यावर "१०० पर्यंतच्या संख्या" असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे आणि त्यासाठीचा जादा संच ३९९ रुपयांना मिळतो. तो मी घेतला नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातही बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या, मुलांकडून दहापर्यंतचे अंक ओळखण्याची आणि वाचण्याचीच अपेक्षा ठेवली आहे. दहाच्या आत तुलना पक्की नसताना शंभराकडे धावण्याचे कारण मला दिसत नाही.

दुरुस्त होऊन आलेली पाटी पुन्हा वापरात आहे, पण रोज दहाच मिनिटे आणि आवाज बंद ठेवून. प्रश्न मी विचारते. परवा ६ आणि ९ ही जोडी आली तेव्हा नातीने नऊ दाबले आणि स्वतःहून म्हणाली, "आजी, तीन जास्त आहेत." कोणते जास्त, याच्या पुढचा हा प्रश्न पाटीत कोठेच नाही, म्हणून तिथे पाटी बाजूला ठेवली आणि आम्ही चिंचोके काढले.

ज्यांनी ही पाटी अजून घेतलेली नाही, त्यांनी आधी पत्त्यांच्या कॅटमधून राजा, राणी आणि गुलाम काढून पाहावेत. उरलेल्या प्रत्येक पानावर ठिपके मोजता येतात, दोघांनी एकेक पान उलटावे आणि जास्त ठिपक्यांच्या पानाने दोन्ही पाने न्यावीत. सारखी पाने आली तर ती मध्ये ठेवावीत. ज्यांच्या घरी पाटी आधीच आलेली आहे, त्यांनी हत्ती-मुंग्यांचा संच काढून कपाटात ठेवावा, अंकांच्या संचाने सुरुवात करावी, बटणांवर पातळ प्लॅस्टिक लावावे आणि पहिले काही आठवडे "जास्त कुठे?" हा प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारावा.